मशीन बंद पडलं, पण मोटर जळलेली नाही

[दृश्य : फ्रंट लोड मशीन. काचेआड गढूळ पाणी, त्यात बुडालेले कपडे.]

धुणं अर्ध्यावर थांबलंय. ड्रम फिरत नाही, दार उघडत नाही. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, मोटर गेली. पण काचेतून आत बघा, पाणी तसंच आहे. ड्रम पाण्यानं भरलेला असताना मशीन कपडे पिळायला घेतच नाही, आणि दाराचं लॉकही सोडत नाही. तेव्हा मोटरला हात लावण्याआधी शोधायचं ते एवढंच : पाणी बाहेर का गेलं नाही?

[दृश्य : प्लग ओढून काढणारा हात.]

आधी प्लग काढायचा. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वायरिंग उलटसुलट झालेलं असेल, तर बटण बंद असूनही २३० व्होल्ट मशीनपर्यंत पोचलेले असतात. मग नळ बंद. धुणं गरम पाण्यातलं असेल, तर ते निवू द्या.

[दृश्य : मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण. पुढ्यात परात.]

या झाकणामागे ड्रेन पंपाचा, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा, फिल्टर असतो. इथे घाई केली की सगळं पाणी फरशीवर. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढा आणि पाणी परातीत घेत राहा. परात भरली की बूच लावून ओता, पुन्हा घ्या. नळी नसेल, तर फिल्टर जरासाच सैल करायचा. पाणी संपल्यावरच तो पूर्ण बाहेर काढायचा.

[दृश्य : फिल्टरमधून निघालेल्या वस्तू, अगदी जवळून.]

नाणं. साडीची पिन. शर्टाचं बटण. केस आणि दोऱ्यांचा लगदा. हे सारं खिशांतून आणि कपड्यांतून आलेलं. फिल्टर धुवा, पण तेवढ्यावर थांबू नका. बॅटरीच्या उजेडात आत पंपाचा छोटा पंखा दिसेल. काडीनं हळूच फिरवा. तो अडखळत फिरला तर तसंच फिरणं अपेक्षित आहे, पंपात लोहचुंबक असतं. अजिबात हलला नाही, तर काहीतरी गुंतलंय. चिमट्यानं काढा.

[दृश्य : गच्चीवरची टाकी, तिच्याखालचं घर.]

कधी उलटंच होतं, पाणी आतच येत नाही. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर साधारण १ बार दाब मिळतो. अगदी वरच्या मजल्यावर हे अंतर जेमतेम २-३ मीटर. त्यात बोअरचं पाणी असेल, तर इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेली जाळी क्षारांनी बुजते. जाळी पकडीनं अलगद ओढून काढा आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. तरीही धार बारीक राहिली, तर दाब वाढवणारा छोटा पंपच लागेल.

आणि पाणी भरतच राहत असेल, तर ड्रेन पाइप बघा. न्हाणीघरात तो जमिनीवर टाकून दिलेला असला, की आलेलं पाणी आपसूक वाहून जातं. फ्रंट लोडला त्याचं टोक साधारण ६० सेंटिमीटर तरी उंच टांगावं लागतं.

[दृश्य : सेमी ऑटोमॅटिकचा उघडा मागचा भाग.]

ड्रायर नुसता गुणगुणल्यासारखा आवाज करतो, फिरत नाही? अनेकदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा भाग, गेलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते, म्हणून हे काम मेकॅनिकचं. घरघरणारं बेअरिंगही त्याच्याकडेच.

[दृश्य : फिल्टर घट्ट बसवला जातो. खाली जुना कागद.]

आता कपडे बाहेर काढा आणि रिकामं मशीन एकदा खळबळण्यावर चालवा. झाकणाखाली कागद अंथरा. ओला झाला, तर फिल्टर वाकडा बसलाय. पाणी काढून पुन्हा बसवा.