“पलीकडे कोण वारलो काय?”

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय : ‘हौसेचं वल्हवणं, जगात आणि कोकणात’. जगाकडे येतोच. आधी आपल्या कर्लीच्या खाडीत उतरू.

मी निवृत्त झालो तेव्हा मुलानं एक पिवळी प्लास्टिकची कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, आणून दिली. पहिल्याच सकाळी पाण्यात घातली. शंभर हात गेलो नसेन, तर काठावर पाग (फेकायचं जाळं) घेऊन उभा असलेला माझा जुना विद्यार्थी ओरडला, “सर, पलीकडे कोण वारलो काय?” म्हटलं, “नाय रे, फिरूक चल्लंय.” त्यानं पाग खांद्यावर टाकला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “मगे इंजिन कित्याक नाय?”

हसताय, पण माझं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांत आहे. वल्हं मारायचं तर पलीकडे काहीतरी निकड हवी, आणि निकड असेल तर इंजिन हवं. या दोहोंच्या मध्ये जो बसतो, तो येडा.

आणि येडेपणा मी सिद्धही केला. चतुर्दशीला दुपारी जेवून निघालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहाला भरती, पावणेपाचच्या सुमारास पुरती सुकती, त्यात पुनवेजवळचं उधाण. मी आपला कांदळवनाशी बगळे बघत राहिलो. साडेतीनला कयाक चिखलात बसली ती बसलीच. उतरलो तर गुडघ्यापर्यंत आत, एक चप्पल अजून तिथेच आहे. सहापर्यंत बसून राहिलो. तेवढ्यात काठानं तोच विद्यार्थी. “सर, पाऊणकी इसारलात?” तीस वर्षं मी गणित शिकवलं, मंडळी!

माझी आजी माहेरी जायची ती तरीतून, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीतून. तरीवाल्याला वर्षाकाठी भात मिळायचं, रोख नाही. पूल झाला आणि तरीची ये-जा बंद पडली. ती उलांडीची, बाजूला तोल धरणारं लाकूड असलेली होडी माडाखाली कुजली. तिच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण हाताचे घट्टे कुणालाच... हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं? बरं, पाच.

तर भरभर सांगतो. हौसेनं वल्हं कोण उचलतं? ज्याच्या पोटाशी त्याचा संबंध कधी आलाच नाही, तो. 1865 साली जॉन मॅकग्रेगर हा स्कॉटिश वकील ‘रॉब रॉय’ नावाची एकट्याची होडी घेऊन युरोपच्या नद्या फिरला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात क्लब निघाला. जर्मनीत 1907 साली क्लेपर नावाच्या शिंप्यानं घडीची होडी विकायला काढली. ती पिशवीत भरा, आगगाडीत चढा, नदीवर उघडा. शहरातल्या माणसाला रविवार मिळाला होता, म्हणून ती खपली.

आणि मुळात ज्यांची कयाक, त्यांचं काय? ग्रीनलँडची कयाक सीलच्या कातड्याची, शिकारीची. मोटरबोटी आल्या आणि शिकाऱ्यांनी ती सोडली, आपल्यासारखीच. 1980च्या दशकात तिथल्याच लोकांनी क्लब काढून ती परत पाण्यात घातली, आता आपली ओळख म्हणून. हवाईतून 1976 साली ‘होकुलेआ’ ही जुन्या धर्तीची शिडाची होडी दिशादर्शक यंत्रांवाचून ताहितीला गेली, त्यामागची ऊर्मीही हीच. मधे एकदोन पिढ्या जाव्या लागतात. घट्टे विसरले जावे लागतात.

आपण अजून त्या मधल्या पिढीत आहोत. तारकर्लीला पर्यटक पैसे मोजून वल्हं मारतो, आणि त्याला जॅकेट बांधून देणारा आपला पोरगा सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर कुडाळला जातो. त्याला कसं बोल लावू? सोबतीला कुणी नाही म्हणून मीही गेले दोन महिने उतरलेलो नाही. कयाक अंगणात उपडी आहे, सुनेनं तिच्यावर आमसुलं घातलीयत.

हो, संपवतो. शनिवारी एकादशी, सव्वाआठची भरती. कुणाला यायचं असेल तर सातला या. आमसुलं तेवढी उचलू लागा.