सरांना किती मार्क?

[दृश्य: कॉलेजचा कट्टा, हातात मोबाइल]

निवेदन:
"फीडबॅक भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही." परीक्षा जवळ आली, की बऱ्याच कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी सूचना येऊन पडते. मग गूगल फॉर्म उघडतो. वर सरांचं नाव, खाली प्रश्न. पहिल्याला 'उत्तम' दाबलं, की अंगठा त्याच रांगेतून सरळ खाली. प्रश्न वाचतो कोण?

हा सगळा खटाटोप नॅकसाठी. कॉलेजांना श्रेणी देणारी ही संस्था 1994 ची, मुख्यालय बंगळुरूला. 2017 मध्ये तिने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' आणलं. त्याची प्रश्नावली थेट विद्यार्थ्याच्या ईमेलवर जाते.

[दृश्य: प्रश्नावली जवळून]

प्रश्न तसे बरे आहेत. पहिलाच विचारतो, वर्गात अभ्यासक्रम किती शिकवला? 85 टक्क्यांच्या वर, की 30 च्याही खाली? शिक्षक किती तयारीने येतात, याच्या पर्यायांत शेवटचा आहे: 'शिकवतच नाहीत.' अशा कागदांवर इतकं सरळ वाक्य विरळाच!

पण विचारणा सगळ्या शिक्षकांबद्दल एकदमच. अकाउंट्सच्या मॅडम जीव तोडून शिकवणार, दुसरे सर नोट्सची झेरॉक्स टेकवून जाणार. दोघांना मिळून उत्तर एकच. विद्यार्थी मधलं काहीतरी दाबून मोकळा होतो.

कॉलेजच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये प्रत्येक शिक्षक वेगळा असतो, पण तिथे भीती आडवी येते. इंटर्नलचे मार्क त्याच सरांच्या हातात. 'नाव गुप्त राहील' असं लिहिलेलं असलं, तरी वीस जणांच्या वर्गात कोणी काय लिहिलं, हे ताडायला कितीसा वेळ लागतो?

धास्ती पलीकडेही आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची नेमणूक तात्पुरती; पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, याचा नेम नाही. त्याला एक वाईट शेरा महागात पडू शकतो. पर्मनंट सरांना त्याची झळ फारशी लागत नाही. म्हणजे ज्याचं पद कच्चं, त्यालाच या फॉर्मचा धाक.

[दृश्य: कॉलेजचं संकेतस्थळ]

फीडबॅक गोळा केला, विश्लेषण केलं, कृती अहवाल संकेतस्थळावर चढवला, की नॅकच्या लेखी काम फत्ते. तुमच्या कॉलेजचा अहवाल उघडा. ग्रंथालयाची वेळ, वायफाय, पिण्याचं पाणी वगैरे सोडून द्या. एखादा विषय नीट शिकवला जात नव्हता आणि त्यावर अमुक केलं, अशी एखादी ओळ सापडते का बघा.