धरणगावची गाठ, कराचीची वाट

(दृश्य: सकाळ. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग.)

खानदेशातल्या धरणगावात थंडी पडली की रस्त्याच्या कडेच्या बाभळीसुद्धा पांढऱ्या दिसू लागतात. जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रॉल्यांतला कापूस त्यांच्या काट्यांना अडकतो.

व्यापारी ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो. आतला कापूस काढतो, चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो. सरकी दाताखाली धरतो, म्हणजे ओल कळते. मग भाव सांगतो.

"काल तं जास्ती व्हता ना, भाऊ?"

"बाहेरची मागणी नाही, दादा."

हे उत्तर खानदेशातल्या प्रत्येक कापूसवाल्यानं ऐकलं आहे. पण हे 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठं? बांगलादेश, चीन, व्हिएतनाम. आणि एके काळी, अगदी शेजारचं, पाकिस्तान.

(दृश्य: यंत्रातून रुई पुढं येते, सरकी खाली पडते.)

साधारण पाच क्विंटल कापसातली सरकी काढली की 170 किलो रुईची एक गाठ बांधली जाते. पट्ट्या आवळल्या की ती दगडासारखी घट्ट होते. मुंबईच्या बंदरातून कराचीला जहाजानं जायचं तर अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. पाकिस्तानातल्या गिरण्यांना कापूस हवा असतो, आमच्याकडे तो असतो. मग अडतं कुठं?

थोडं मागं जावं लागेल. 1947 साली फाळणी झाली तेव्हा पश्चिम पंजाब आणि सिंधमधली लांब धाग्याच्या कापसाची शेतं तिकडे गेली, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे राहिल्या. तेव्हा गाठी तिकडून इकडे येत. सप्टेंबर 1949 मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही. दोन रुपयांचा मेळ बसेना आणि व्यापार तटला. कापसाची ही वाट बंद व्हायची ती पहिली वेळ. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हा युद्ध चालू नव्हतं, भांडण हिशेबाचं होतं, आणि हिशेबाचं भांडण सोडवायला दोघांनाही बांधील असा तिसरा कुणी नव्हता.

(दृश्य: शेतातली विहीर. दोन बाजूंना दोन मोटारी.)

आमच्याकडे भावाभावांत वाटणी होते, बांध पडतो, बोलणंही बंद होतं. पण विहीर पुष्कळदा सामाईक राहते. मग पाळी ठरते: तुझे चार दिवस, माझे चार दिवस. मोटार जळाली तर खर्च अर्धा-अर्धा. तोंड न बघणारे भाऊ पाळीसाठी तरी विहिरीवर भेटतात.

फ्रान्स आणि जर्मनीनं हेच केलं. सत्तर वर्षांत तीन युद्धं झालेली. 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमन यांनी प्रस्ताव मांडला की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावं. तोफा ज्या पोलादाच्या होतात, तेच सामाईक. 1951 साली सहा देशांनी करार केला. त्या मंडळाचा निर्णय सरकारांवर बंधनकारक होता. आजचा युरोपीय संघ त्या विहिरीवर उभा आहे.

दक्षिण आशियानं उलट वाट धरली. 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात सार्क ही इथल्या देशांची संघटना स्थापन झाली. तिच्या सनदेत दोन अटी आहेत: प्रत्येक निर्णय एकमतानं, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर. हेतू चांगला होता, भांडण घराबाहेर ठेवायचं. पण भांडण उंबऱ्यावर बसून राहिलं, आणि एकमताची अट असल्यानं त्याला ओलांडून कुणालाच आत जाता येईना.

भारतानं 1996 साली पाकिस्तानला व्यापारात सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला. पाकिस्ताननं भारताला तसा दर्जा दिला नाही. 2006 पासून सार्कचा मुक्त व्यापार करार लागू झाला, तरी वाघा सीमेवरून रस्त्यानं पाकिस्ताननं भारताच्या फक्त 137 वस्तूंना परवानगी दिली होती. 2014 च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. 2016 साली उरीचा हल्ला झाला आणि इस्लामाबादची परिषद बारगळली. 2019 साली पुलवामात आपले जवान गेले. भारतानं तो दर्जा काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलम 370 वरून पाकिस्ताननं व्यापार थांबवला.

पुलवामाचा राग खानदेशातही होता, आजही आहे. तो खरा आहे, आणि कापसाचा भाव त्याच्यापुढं मांडून तो कमी होत नाही.

(दृश्य: रिकामं कॅलेंडर. मार्च 2021 चं पान उलटतं.)

तरीही एक दिवस सांगायलाच हवा. 2021 साली पाकिस्तानात कापसाचं पीक फार घटलं होतं. गिरणीवाले सरकारच्या मागं लागले होते. फेब्रुवारीत नियंत्रणरेषेवर शस्त्रसंधी पाळायचं दोन्ही सैन्यांनी पुन्हा ठरवलं होतं. 31 मार्चला पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीनं भारतातून कापूस आणि साखर आणायला मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी, 1 एप्रिलला, मंत्रिमंडळानं ती परत घेतली. आधी काश्मीर, मग कापूस.

मंजुरी टिकली एक दिवस. तेवढ्यात एक गाठही हलत नाही.

पाकिस्तान आता ब्राझील आणि अमेरिकेचा कापूस मागवतो, महासागर ओलांडून. आमच्या गाठींना बांगलादेशचा आधार आहे, आणि तो शेजारही अलीकडे पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. भारत आणि पाकिस्तानमध्ये खरंच एक सामाईक विहीर होती: 1960 चा सिंधू पाणीवाटप करार. दोन मोठ्या युद्धांतूनही तो टिकला. एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला, भारतानं तो करार स्थगित केला, आणि वाघा सीमेवरचं अटारीचं फाटक बंद झालं.

(दृश्य: पुन्हा जिनिंग. दुपार.)

ट्रॉली रिकामी झाली आहे. काटा झाला. मघाचाच शेतकरी पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवतो. घरी म्हशी आहेत, म्हणून जाताना सरकीच्या ढेपेची दोन पोती ट्रॉलीत टाकतो. त्याच्याच कापसातली सरकी असेल कदाचित. ट्रॅक्टर चालू करण्याआधी तो मागं वळून विचारतो, "उद्या भाव काय राही?"

व्यापारी मोबाइलकडे बघतो.