किती खात्री आहे तेही सांगा

नमस्कार मंडळी. समोर बसलेले सगळे काका-काकू, आणि मागे उभी असलेली मराठी शाळेची मुलं, तुम्हालाही नमस्कार. कार्यकारिणीने मला आवडत्या पुस्तकांवर बोल म्हणून सांगितलं तेव्हा मी लगेच म्हटलं की मी बोलेन ते विज्ञानाच्या पुस्तकांवर, सोप्या भाषेत सगळ्यांसाठी लिहिलेल्या, आणि त्याबरोबर खरं बोलण्यावर. हे दोन्ही विषय माझ्यासाठी एकच आहेत.

मी इथे मेलबर्नमध्ये पुलांच्या तपासणीचं काम करते. आमच्या रिपोर्टमध्ये 'तडा नाही' असं लिहायचं नसतं, 'पाहणीत तडा आढळला नाही' असं लिहायचं, आणि खाली कुठला भाग हाताच्या अंतरावरून बघितला, कुठला लांबून दुर्बिणीने, कुठे पोचताच आलं नाही, ते सगळं द्यायचं. नवीन लागलेल्या मुलांना वाटतं हा स्वतःला वाचवायचा प्रकार आहे. मला अजिबात तसं वाटत नाही. रिपोर्ट वाचणाऱ्याला त्यावरून पूल चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायचं असतं, मग आपल्याला काय बघता आलं नाही हे त्याला कळायलाच हवं ना. आणि ही सवय मला नोकरी लागायच्या खूप आधी पुस्तकांनी लावली.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. जानेवारी १९८६ मध्ये नासाचं चॅलेंजर अंतराळयान उडाल्यावर ७३ सेकंदात फुटलं, सात माणसं गेली. चौकशी समितीत फाइनमन होते आणि त्यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर यानाच्या रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला तर रबर पटकन मूळ आकारात येईना, हे बहुतेकांना आठवतं. उड्डाणाच्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी आदल्या रात्रीच उडवू नका म्हणून सांगितलं होतं. पण मला त्याहून मोठी वाटते ती फाइनमननी नंतर लिहिलेली टिपण्णी. यान गमवायची शक्यता किती, असं विचारल्यावर काम करणारे इंजिनिअर साधारण शंभरात एक म्हणत होते आणि वरचे मॅनेजर लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक यान उडवलं तर पावणेतीनशे वर्षांत एखादा अपघात! हा आकडा आला कुठून याला कोणाकडे नीट उत्तर नव्हतं. खोटं बोलायचं असं कोणी ठरवलं नसेल, पण मोठ्या खात्रीने बोलायची सवय लागली की शेवटी माणूस स्वतःचंच ऐकून फसतो. फाइनमननी १९७४ सालीच एका पदवीदान समारंभात हे सांगून ठेवलं होतं, की पहिला नियम म्हणजे स्वतःला फसवायचं नाही, आणि फसायला सगळ्यात सोपे आपण स्वतःच असतो.

डार्विननेही उत्क्रांतीवरच्या १८५९ च्या पुस्तकात सहावं प्रकरण आपल्याच सिद्धांतातल्या अडचणींना दिलंय. विरोधकांनी शोधून काढायच्या आधी स्वतःच मांडून मोकळा झाला. ते वाचल्यावर मला त्या माणसावर जास्त विश्वास ठेवावासा वाटला.

आणि आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या घरी घरातलंच कोणी गेल्यासारखं झालं होतं. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला हे जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य, सरांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि ते उघडपणे सांगायचे, कारणं देऊन सांगायचे, समोरच्याला कमी न लेखता. कुंडलीच्या बाबतीतही तसंच. नुसतं 'सगळं थोतांड आहे' म्हणून टाकणं त्यांना सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी काय केलं, तर दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची आणि पुणे विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या लोकांची मदत घेतली, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या आणि ज्योतिषांना म्हटलं, यातल्या चाळीस घ्या आणि कुठली कोणाची ते सांगा. ५१ जणांनी कुंडल्या नेल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. सगळ्यात चांगला निकाल चाळीसात चोवीस. मला यातला निकालापेक्षा आधीचा भाग आवडतो: 'बघूया, तुमचं खरं असेल तर इथे दिसेल' असं म्हणून समोरच्याला खरोखरची संधी देणं. आपल्याकडे चार लोकांत 'मी बाबा स्पष्ट बोलतो' म्हणून समोरच्याला दुखावणारे पुष्कळ भेटतात, ते मला खरं बोलणं वाटत नाही. त्यात समोरचा कदाचित बरोबर असू शकेल याला जागाच नसते.

मुलांसाठी एक गोष्ट. जानेवारीत रात्री मृग नक्षत्र बघा. इथे आपल्याला ते उत्तरेकडे तोंड करून बघावं लागतं आणि ते उलटं दिसतं, तिकडे महाराष्ट्रात व्याध मृगाच्या खालच्या बाजूला असतो आणि इथे वर. माझ्या भाचीने विचारलं, तारे फिरले का? मी म्हटलं, तारे तिथेच आहेत, आपण गोल पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत. मग तिने विचारलं की तो लाल तारा, काक्षी, कधी फुटणार. मी म्हटलं, फुटणार हे शास्त्रज्ञ खात्रीने सांगतात, कधी ते कोणालाच नेमकं सांगता येत नाही, उद्याही फुटेल किंवा लाख वर्षांनी. तिला ते उत्तर इतकं आवडलं की ती बाबाला, आजीला, फोनवर सगळ्यांना तेच सांगत सुटली.

आणि फोनवरून आठवलं, आपण सगळे परदेशात राहणारे घरी फोनवर काय बोलतो? आई म्हणते मी मस्त, आणि पंधरा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळतं की ती बाथरूममध्ये पडली होती. इकडे नोकरी गेलेली असते आणि आपण म्हणतो कामात आहे गं खूप. दोन्हीकडे प्रेमच असतं, पण त्या प्रेमात खरी बातमी कोणालाच मिळत नाही आणि मग लांबून काळजी दुप्पट होते. माझं आणि आईचं आता ठरलंय, रविवारी आधी रिपोर्ट मग गप्पा. शुगर किती आली, गोळी चुकली का, डॉक्टर नेमके काय म्हणाले, आणि कळलं नसेल तर सरळ 'कळलं नाही' म्हणायचं. परवा ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले बहुतेक काही नाहीये, पण बहुतेक म्हणाले हं, ते लक्षात ठेव." मला इतका आनंद झाला! सत्तरी ओलांडलेली माझी आई मला खात्री किती आहे तेही सांगत होती.

तर आता कामाचं. मराठी शाळेच्या खोलीत एक कपाट रिकामं आहे, कार्यकारिणीने ते विज्ञानाच्या पुस्तकांना द्यायचं कबूल केलंय. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, जे घरी असेल ते आणा, इंग्रजीही चालेल, पानं सुटलेली असली तरी चालतील, मी चिकटवून घेईन. दिवाळीला भारतात जाणारे कोण कोण आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, माझ्याकडे यादी तयार आहे.