वडिलांकडचं कूळही विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक बायका आई, मावशी, आजी आठवतात आणि ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात. वडिलांकडचं कुणी लक्षातच येत नाही. आत्या लग्न होऊन साताऱ्याला गेलेली, आडनाव बदललेलं. तिच्या दुखण्याची माहिती तिच्या सासरच्यांना. स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिकता बघताना नेमकी तीच निसटते.

शंभर रुग्णांमध्ये साधारण ५ ते १० जणींनाच हा रोग जन्मजात सदोष जनुकामुळे होतो. त्यातली दोन मुख्य जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या तर त्या बिनचूक सांधणं हे त्यांचं काम. ते बिघडलं की पेशीत चुका साठत जातात. असा दोष असलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता पहिल्या जनुकात सुमारे ४४ टक्के, दुसऱ्यात १७. ही जनुकं सतराव्या आणि तेराव्या गुणसूत्रावर आहेत, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. म्हणून दोष बापाकडूनही तितकाच येतो, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाप स्वतः बहुधा ठणठणीत राहतो, त्यामुळे घराण्यात काही नाही असं वाटतं.

तेव्हा भाऊबीजेला सगळे जमले की एक कागद घ्या आणि दोन्हीकडच्या तीन पिढ्या मांडा. प्रत्येकाच्या नावापुढे कर्करोग कुठला, स्तनाचा असेल तर एका स्तनात की दोन्ही, आणि निदान झालं तेव्हाचं वय लिहा. वारल्याचं वय नको, निदानाचं हवं. जुनी माणसं कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. ‘पोटात पाणी व्हायचं, सारखं काढावं लागायचं’ असं कुणी म्हणालं तर तो अंडाशयाचा असू शकतो. यकृताचा आजार किंवा क्षयही असू शकतो. कपाटातल्या फायलीत बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं. सासूबाईंचा आजार सुनेच्या खात्यात धरायचा नाही, नातीच्या मात्र धरायचा.

पन्नाशीच्या आतलं निदान, दोन्ही स्तनांत रोग, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार (ज्यात दोन संप्रेरकांचे आणि हर-२ चा, असे तिन्ही ग्राहक सापडत नाहीत), कुठल्याही वयात अंडाशयाचा कर्करोग, किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग, यातलं एक जरी दिसलं तरी जनुकीय समुपदेशकाला भेटा. चाचणी शक्यतो आधी रुग्णाची करायची. थोडंसं रक्त पुरतं. तिच्यात दोष सापडला की बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधता येतो. उलट, निरोगी मुलीची चाचणी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर घराण्यातला दोष तिला मिळालाच नाही की तो या चाचणीत पकडलाच जात नाही, हे कळत नाही. कधी कधी रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल येतो. तेवढ्यावर कुणी अंडाशय काढायला सांगितले तर सरळ दुसरं मत घ्या.

दोष नक्की असेल तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात, बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० या वयात. दोन्ही स्तन काढले तर धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास घटतो, पण तो निर्णय ज्या त्या बाईचा.

आता राहणीमान. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं, या गोष्टी धोका थोडा वाढवतात. त्यावर आपला ताबा बेताचाच. पाळी गेल्यावरचं वजन मात्र आपल्या हातात आहे. अंडाशय थांबले तरी चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवत राहतं, आणि त्यावर स्तनातल्या पेशी वाढतात. कंबर ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर कट्ट्यावर बसून मारलेल्या गप्पा यात धरायच्या नाहीत, आणि उतरल्यावरची मिसळ तर नाहीच नाही. वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, ही समजूतही सोडा: रोजचा शंभर मिलीचा एक पेला म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि तेवढ्यानंही धोका मुळात होता त्याच्या ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. बाळाला अंगावर पाजल्याने तो घटतो, दर बारा महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी. काळी ब्रा, डिओडरंट यांनी धोका वाढतो याला पुरावा नाही.

बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा रोग झालेला नसतो. म्हणून कागद कोरा निघाला तरी नवी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्तासारखा स्राव किंवा संत्र्याच्या सालीसारखी कातडी दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग जाड सुईची कोअर बायोप्सी, हा क्रम. ‘आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू’ असं कुणी म्हणालं तर तयार होऊ नका. रोग निघाला तर काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, म्हणजे आत रोग उरला नाही ना, हे कळत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि एरवी वाचला असता तो स्तनही कधी कधी जातो.