पंपावरचा आकडा, शिरेतला वेग

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम कोकणाला चांगलेच ठाऊक आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर फुप्फुसात पाणी भरू लागलेल्या रुग्णाला सोडियम नायट्रोप्रुसाइडसारखे रक्तदाब उतरवणारे औषध शिरेतून देताना रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते, कारण त्याचा परिणाम एक-दोन मिनिटांत दिसू लागतो आणि औषध थांबवताच तितक्याच झटपट ओसरतो. अशा वेळी तासाभरात एकूण किती मिलिलिटर गेले याची नोंद अपुरी पडते; ते दर मिनिटाला सारखे गेले का, हे पाहावे लागते.

साध्या सलाइनच्या सेटमध्ये बहुधा 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो. 500 मिलिलिटरची बाटली चार तासांत संपवायची तर मिनिटाला सुमारे 42 थेंब पडायला हवेत. सिस्टर घड्याळ पाहून ते जुळवतात, पण रुग्णाने कोपर दुमडला तरी वेग बदलतो. म्हणून नाजूक औषधांसाठी सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधले औषध ठरलेल्या वेगाने ढकलणारे यंत्र, वापरतात आणि त्याची अचूकता साधारणपणे दोन ते तीन टक्क्यांच्या आत असल्याचे उत्पादक सांगतात.

हा पंप मात्र औषध मोजत नाही. त्याची मोटर स्क्रू फिरवून प्लंजर, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या, पुढे ढकलते आणि सिरिंजच्या आतल्या व्यासावरून किती औषध गेले असेल याचा हिशेब पंप करतो. लहान रुग्णालयात पुरवठ्यानुसार सिरिंजची कंपनी बदलते, पंपावर निवडलेली सिरिंज मात्र जुनीच राहते. प्रत्यक्ष व्यास पाच टक्क्यांनी कमी असेल, तर औषध जवळपास दहा टक्के कमी जाते आणि पडद्यावर आकडा बरोबरच दिसतो. ही चूक टाळणे सर्वांत सोपे आहे, म्हणूनच ती अधिक खुपते.

ताशी एक मिलिलिटरसारख्या मंद वेगाला आणखी अडचणी येतात. प्लंजरचे रबर नळकांड्याला चिकटलेले असते, पकडीत किंचित फट असते. त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे औषध पुढे सरकतच नाही. रुग्णाला जोडण्यापूर्वी पंपानेच लाइन, म्हणजे शिरेकडे जाणारी नळी, औषधाने भरून घेतली, तर हा उशीर बराच कमी होतो. लाइन मध्येच चिमटली, तर दाब वाढून अलार्म वाजायला या वेगावर कधी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. नंतर घाईने चिमटा सोडला, की साठलेले औषध एकदम शिरेत जाते. म्हणून आधी दाब रुग्णापासून दूर मोकळा करावा लागतो.

अशा पंपांसाठीच्या आयईसी 60601-2-24 या आंतरराष्ट्रीय मानकातील चाचणीत पंपातून आलेले पाणी संवेदनशील तराजूवर तोलतात. एक मिलिलिटर पाणी जवळपास एक ग्रॅम भरते, आणि मंद वेगाच्या मापनात बाष्पीभवनाने फरक पडू नये याचीही काळजी घ्यावी लागते. दोन मिनिटांच्या टप्प्यात दिसणारी चूक तीस मिनिटांच्या सरासरीत बरीच आकसते. म्हणून पंप घेताना केवळ सरासरीची टक्केवारी विचारून भागत नाही, छोट्या टप्प्यांचा आलेखही मागावा.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा घाटातून रुग्ण नेताना पंप वर टांगला, तर थोडे औषध जास्त ढकलले जाते. खाली ठेवला, तर प्रवाह काही काळ थांबू शकतो. त्यामुळे प्रवासात पंप रुग्णाच्या हृदयाच्या पातळीलाच घट्ट बसवावा आणि पावसाळ्यात वीज जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात निघण्यापूर्वी त्याची बॅटरी तपासून घ्यावी.