वायू पकडणं सोपं, सोडणं कठीण

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू या कार्बन नॅनोट्यूबविषयी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांविषयी, आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या वायू ओळखणाऱ्या सेन्सरविषयी.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि धोका मात्र वाढलेला असतो. टाकीत, गटारात, खाणीत उतरणाऱ्यांनी नाकावर भरवसा ठेवू नये, तो यामुळेच. तिथे सेन्सरच हवा.

सेन्सर आजही आहेत. टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये नोंदवलं आणि त्या घराण्यातले सेन्सर अजून चोख काम करतात. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. नीट काम करण्यासाठी ते दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापलेले असावे लागतात. बॅटरीवर चालणाऱ्या, अंगावर बाळगायच्या छोट्या उपकरणाला हा सततचा खर्च झेपत नाही.

कार्बन नॅनोट्यूबकडे सगळ्यांचं लक्ष गेलं ते या अडचणीमुळे. कार्बन अणूंचा एकपदरी पत्रा घ्यायचा आणि कागदाची सुरळी करावी तसा गुंडाळायचा. व्यास जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. जपानचे शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी 1991 मध्ये अनेकपदरी नळ्यांचं वर्णन केलं, आणि एकपदरी नळी 1993 मध्ये हाती आली. या नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो. जाड तारेला वायूचा रेणू चिकटला तर आतून वाहणाऱ्या विजेला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे ‘आत’ असं काही नाहीच. वीज वाहते तिथेच रेणू येऊन बसतो.

सन 2000 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या होंगजिए दाई यांच्या गटाने एक अर्धवाहक (सेमीकंडक्टर) नळी दोन इलेक्ट्रोडांमध्ये बसवली. तिच्यावर दहा लाखांत 200 भाग नायट्रोजन डायऑक्साइड असलेला वायू सोडला. काही सेकंदांत नळीची वाहकता सुमारे हजारपट झाली. एक टक्का अमोनिया सोडला तर ती शंभरेक पटींनी घटली. हवेत ठेवलेल्या नळीत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमधून. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, तशा रिकाम्या जागा वाढतात. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, त्या भरून निघतात. आणि हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला!

पण त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नायट्रोजन डायऑक्साइड काढून घेतला, तरी नळी पूर्वस्थितीला यायला बारा तासांच्या आसपास वेळ लागला. लवकर हवं असेल तर 200 अंशांना तासभर तापवा! ज्या उष्णतेपासून सुटका हवी होती, ती मागच्या दाराने परत आली. पुढे 2001 मध्ये याच गटाने दाखवलं की अतिनील प्रकाश टाकला तर चिकटलेले रेणू झटपट सुटतात. वाट चांगली आहे, पण उपकरणात दिवा वाढतो.

दुसरं दुखणं नेमका वायू ओळखण्याचं. कोरी नळी आर्द्रतेने बिचकते, आणि ज्यांची आपल्याला काळजी असते त्या हायड्रोजनची, कार्बन मोनॉक्साइडची फारशी दखलच घेत नाही. मग तिला सजवावं लागतं. नळीवर पॅलेडियमचे बारीक कण बसवले की हायड्रोजनचा रेणू त्या कणांवर फुटतो, पॅलेडियमकडून नळीकडे इलेक्ट्रॉन सरकतात आणि प्रवाह बदलतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीही पुरते, म्हणून इशारा त्याच्या पुष्कळ आधी मिळायला हवा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या टिमथी स्वेगर यांच्या गटाने 2012 मध्ये नळ्यांबरोबर तांब्याचं एक संयुग वापरलं. फळं पिकताना एथिलीन वायू बाहेर पडतो, तो आला की या मिश्रणाचा रोध वाढतो. हीच माझ्या मते या क्षेत्रातली खरी कारागिरी: नळी ऐकते, पण कोणाचं ऐकायचं हे तिच्यावर चढवलेलं रसायन ठरवतं.

तरी शोधनिबंध वाचताना मला एक गोष्ट खटकते. किती कमी वायू ओळखला, याच्या आकड्यांची चढाओढ असते, आणि मोजमाप पुष्कळदा कोरड्या, शुद्ध वायूत केलेलं असतं. दमट हवेत, धुळीत, सहा महिन्यांनंतर तोच सेन्सर काय सांगतो? कामगाराचा जीव त्या उत्तरावर टांगलेला असतो. नळ्या बनतानाही एकसारख्या बनत नाहीत. साधारण एक तृतीयांश धातूसारख्या, बाकीच्या अर्धवाहक. म्हणून एकेका नळीऐवजी हजारो नळ्यांचं जाळं पसरतात, म्हणजे फरक एकमेकांत मिसळून जातात.

न सोडण्याच्या खोडीला मात्र काहींनी कामाला लावलं आहे. स्वेगर यांच्याच गटाने 2016 मध्ये नळ्यांभोवती वीज अडवणारं बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, आवरण गुंडाळलं. मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषांसारखं रसायन लागलं की आवरण विस्कटतं, नळ्या एकमेकींना भिडतात, प्रवाह वाढतो. हा बदल उलटत नाही, त्यामुळे कामाची पाळी संपल्यावरही विषाचा स्पर्श झाला होता का, हे कळतं. त्याआधी 2014 मध्ये त्यांनी फोनने वाचता येणाऱ्या साध्या टॅगमध्ये नॅनोट्यूब बसवल्या होत्या. त्या टॅगला बॅटरी नाही. वाचणारा फोनच त्याला ऊर्जा पुरवतो. दहा लाखांत 35 भाग अमोनिया त्यांनी अशा टॅगवर ओळखला. अंगरख्याला लावायचा असा बिल्ला, पाळी सुटल्यावर फोन जवळ नेऊन वाचायचा. नॅनोट्यूबचं पहिलं मोठं काम मला तिथे दिसतं.

नमस्कार.